आठ भोकांची चाकं

१६ नोव्हेंबर, रविवार

मुलगा फोनवर "बाबा, शांतपणे ऐका" म्हणाला की ओळखावं, शांत राहता येणार नाही असं काहीतरी येतंय. सर्वेशचं म्हणणं, गाडी विकून टाका. कारण काय, तर गेल्या महिन्यात गाडी मागे घेताना माझा एका पाणीपुरीच्या गाड्याला स्पर्श झाला. स्पर्शच. मटक्यातलं पाणी सांडलं, माणूस नाही. पण ही बातमी लातुरातून पुण्याला पोचवली कुणी? उज्वलाला विचारलं तर म्हणाली, "मी कशाला सांगू? मी तर डोळे मिटून बसले होते."

डिसेंबरच्या अखेरीस तो येणार आणि गिऱ्हाईक बघणार. "तुमच्या गुडघ्याला आता क्लच झेपत नाही," म्हणे. डावा गुडघा कुरकुरतो हे खरं आहे. जन्मभर फळ्यासमोर उभं राहून भूमिती शिकवली, त्या गुडघ्याने थोडी कुरकुर करू नये का?

पण मला चिंता येळवशीची आहे. देवणीजवळ उज्वलाच्या माहेरचं रान आहे, तिच्या वाट्याला आलेलं. हणमंत ते बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करतो. येळवस म्हणजे वेळ अमावस्या; त्या दिवशी आमच्याकडे गाव ओस पडतं आणि रानं भरतात. त्या दिवशी घरात बसून जेवणं म्हणजे लग्नाच्या दिवशी नवरदेवाने डबा खाण्यासारखं. गेल्या वर्षी ऐन वेळी गुडघ्याने मान टाकली. रानापर्यंत एसटी जात नाही. उज्वलाने सगळ्या शेंगाभाज्यांची भज्जी घरीच केली आणि ती आम्ही डायनिंग टेबलावर बसून खाल्ली. ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मी भांडलो तरी असतो.

या वर्षी तिला रानात न्यायचंच, याच गाडीतून, आणि मी चालवत. लिहून ठेवतो, म्हणजे पळवाट नको.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आमचे व्याही भुजंगराव, म्हणजे सर्वेशच्या बायकोचे, आरतीचे, वडील. नांदेडला असतात, अर्धापूरच्या केळीचा व्यापार. मुलीच्या बापाने थोडं नमून असावं अशी जुनी रीत. भुजंगरावांपर्यंत ती पोचलेली नाही. आज त्यांचा फोन.

"काय करून राहिले व्याही? ऐकलं, तुमची गाडी निघाली म्हणे बाजारात."

"कुणी सांगितलं?"

"हवेत असतेत गोष्टी. हे बघा, माझी जुनी गाडी विकली, पण तिचे मॅगव्हील काढून घेतले मी. टायरासकट गोदामात पडून राहिलेत. लागत असतील तुमच्या गाडीला तर घेऊन जा. चाकं चमकली की पोरगं विकायचं नाव काढत न्हाई."

हे मात्र बरोबर बोलले. म्हातारं माणूस नवा सदरा घालून बसलं की पाहुणेही तब्येत विचारायचं विसरतात. मी म्हटलं, लागतात की नाही ते मी मोजून सांगतो, हा भूमितीचा प्रश्न आहे.

"भूमितीचा? मग लावता पैज? तुम्ही मोजून सांगा. लागली तर चाकं तुमची, अन् येळवशीला मी तुमच्या गाडीत मागच्या सीटवर बसून येतो, गुपचूप. न्हाई लागली तर तुम्ही माझ्या नव्या गाडीत मागं बसायचं, अन् माझ्या ड्रायव्हिंगवर तोंड उघडायचं न्हाई."

भुजंगराव गाडी चालवतात आणि मी गप्प बसतो, हे देवालासुद्धा जमणार नाही. पण मी पैज घेतली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

माहिती काढली. चाकाचे नट एका अदृश्य वर्तुळावर बसलेले असतात. त्या वर्तुळाचा व्यास जुळला तर चाक बसतं, नाही तर नाही. टायरवाले त्याला पीसीडी म्हणतात. हयातभर मी फळ्यावर वर्तुळं काढली आणि माझ्याच गाडीच्या चाकात एक वर्तुळ दडलेलं आहे याचा मला पत्ता नव्हता. खरं सांगायचं तर फार आनंद झाला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी मला वर्तुळ विचारलं.

माझ्या गाडीला चार नट. चार असले की काम सोपं, एकाच्या बरोबर समोर दुसरा. मध्यबिंदू शोधत बसायचंही कारण नाही. एका नटाच्या डाव्या कडेपासून समोरच्या नटाच्या डाव्या कडेपर्यंत पट्टी धरली की झालं. दोन्हीकडे सारखंच चुकलं की चूक उरत नाही. हे मी उज्वलाला समजावून सांगितलं. तिने पट्टीचं दुसरं टोक धरलं होतं. शंभर मिलिमीटर आले. उलट्या कर्णानेही शंभर.

मी चाकावरची टोपी काढायला काही शोधत होतो, तर उज्वलाने डिकीतला गालिचा उचलून पाना काढून दिला. पाना तिथे असतो हे मलाही आठवत नव्हतं. बायकांना घरातली प्रत्येक वस्तू कुठे आहे ते कसं ठाऊक असतं कोण जाणे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

बाजारात जायला गाडीत बसलो तर गुडघे स्टीअरिंगला टेकले. सीट पुढे आलेली. मागे सरकवली. गेल्या आठवड्यातही असंच झालं होतं. जुन्या गाडीचं एकेक अंग असं आपल्या मनाने हलायला लागतं. सर्वेशला हे कळू द्यायचं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

नांदेडला जाऊन आलो, एसटीने. भुजंगरावांचं गोदाम म्हणजे कच्च्या केळीच्या घडांचं जंगल. त्यात एका कोपऱ्यात वाळलेल्या पानांवर चार चाकं. वस्तू छान आहे, नाकारत नाही. प्रत्येक चाकाला मधे आठ भोकं. माझे नट चार. उरलेली चार भोकं वारा खेळायला ठेवलेली असावीत, ब्रेक तापतात ना. कंपनीवाल्यांनी विचार केलेला दिसतो.

समोरासमोरची दोन भोकं धरून पट्टी लावली. एकशे चौदा आणि वर थोडं. म्हणजे बरोबर साडेचार इंच. माझ्या गाडीचे शंभर. संपलं. भुजंगराव एका खोक्यावर बसून केळं सोलत होते.

"काय आलं?"

"नाही लागणार."

"परत एकदा मोजा की."

"भुजंगराव, भूमितीच्या शिक्षकाला परत मोजायला सांगता?"

"न्हाई न्हाई. बिलकुल न्हाई," म्हणाले आणि केळं पुढे केलं. त्यांच्या मिशीत काहीतरी हलत होतं. मी हरलो म्हणून खूश झाले असणार. गोदावरीबाईंनी, म्हणजे विहीणबाईंनी, जेवायला थांबवलं. पानात काय होतं ते आता आठवत नाही, इतकं मन उडालं होतं.

येताना बसमध्ये एकच विचार. मागच्या सीटवर मी, आणि पुढे भुजंगराव एका हाताने गाडी चालवत, दुसऱ्या हाताने मला आपली नवी काच वर-खाली करून दाखवत.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

उज्वलाला म्हटलं, आपण भुजंगरावांच्या गाडीतून जाऊ. रानात पोचल्याशी मतलब. ती म्हणाली, "दुसऱ्याच्या गाडीतून जायचं तर त्यांना निघायची घाई होईल तेव्हा निघावं लागतं." मग पायात चपला सरकवत, "माझ्या रानात मला माझ्या मनाने थांबायचंय."

ती नीलाबाईंकडे भजनाला गेली. समोरच्या नीलाबाई शाळेची व्हॅन चालवतात; सकाळची मुलं सोडली की संध्याकाळपर्यंत मोकळ्या. दिवाळीपासून त्यांनी दुपारचं भजनी मंडळ काढलंय. मंडळात सध्या दोघीच आहेत. रोज मी झोपतो तेव्हा त्या गातात. माझी दुपारची झोप पक्की असल्यामुळे आवाज कधी ऐकू आलेला नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

भुजंगरावांनी लातूरच्या बाजाराला येणाऱ्या केळीच्या टेम्पोतून चारही चाकं पाठवून दिली. वर निरोप: "लागत न्हाई तर कुंड्या ठेवा त्याच्यावर." हरलेल्या माणसाच्या अंगणात जिंकलेल्याने आपली ट्रॉफी आणून ठेवावी तसला प्रकार.

चाकांना केळीचा वास येतोय. सहज, रागाने म्हणा, पुन्हा पट्टी लावली. शंभर!

डोळे चोळले, चष्मा पुसला. शंभरच.

म्हणजे सरळ आहे. गोदामात मला दाखवली ती चाकं वेगळी, ही वेगळी. मला हरवण्यासाठी खोटी दाखवली आणि आता खरी पाठवली. लगेच फोन लावला.

"चाकं बदललीत तुम्ही!"

"अहो व्याही, माझ्याकडं काय चाकाचं रान हाय का? तीच हायत."

"मग माप कसं बदललं?"

"ते तुम्ही सांगा. मास्तर तुम्ही. म्या केळीवाला माणूस." आणि फोनच्या पलीकडे ते इतका वेळ खोकत राहिले की मला वाटलं फोन गोदावरीबाईंकडे द्यावा लागेल.

१ डिसेंबर, सोमवार

आज सकाळी पुन्हा एकशे चौदा. हे चाक माझी थट्टा करतंय.

शांतपणे विचार केला. वस्तू तीच, मोजणारा तोच, पट्टी तीच. मग बदललं काय? हवा. शनिवारी दुपारी मोजलं तेव्हा ऊन होतं, आज सकाळी गारठा. धातू उष्णतेने प्रसरण पावतो, हे आम्ही विज्ञानात शिकलो. पण मग ऊन असताना शंभर आणि थंडीत एकशे चौदा, हे उलटं झालं. आणि एवढा फरक पडायला चाक भट्टीत घालावं लागेल. तरी खात्री म्हणून एक चाक दुपारभर उन्हात ठेवलं आणि एक न्हाणीघरात.

न्हाणीघरातल्या चाकाला उज्वला अडखळली. त्यावर तिने जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

३ डिसेंबर, बुधवार

नवीन संकट. कुणीतरी माझ्या गाडीतलं पेट्रोल चोरतंय. परवा भरलं तेव्हा काटा वर होता, आज खाली. मी तर गाडी हलवलीच नाही. त्यातून किलोमीटरचा आकडाही वाढलाय, म्हणजे चोर पेट्रोल काढून वर मीटर बिघडवतो. गाडीत कापराचा वास आणि सीटखाली केसांची एक पिन. उज्वलाला दाखवली. "माझीच असेल, कधीतरी पडली असेल," म्हणाली आणि पटकन डोक्यात खोचली.

मी गाडीच्या चारी बाजूंनी रांगोळीची भुकटी पसरून ठेवली. झोपेतून उठून पाहतो तर पावलं! चपलांचे ठसे, आकाराने लहान. चोर अंगापिंडाने किरकोळ दिसतो. बिचाऱ्याला खायला मिळत नसावं, म्हणून तर चोरी.

नीलाबाई दारात होत्या. त्यांना म्हटलं, दुपारी माझ्या गाडीवर जरा लक्ष ठेवा. त्या म्हणाल्या, "सर, मी तर रोज लक्ष ठेवूनच असते." शेजार असावा तर असा.

६ डिसेंबर, शनिवार

सापडलं! सापडलं!

पट्टीवरचा विश्वास उडाला म्हणून ठसा घ्यायचं ठरवलं. उज्वलाच्या कुंकवाच्या करंड्यातलं कुंकू तेलात कालवलं, चाकाच्या प्रत्येक भोकाच्या कडेला बोटाने लावलं आणि वर वर्तमानपत्र दाबून धरलं. उचललं तर कागदावर आठ लाल कडी. उज्वला डोकावली.

"हे काय, चाकाचं हळदीकुंकू?"

मी कंपास घेतला. मध्यबिंदूवर टोक ठेवून एका कड्यातून वर्तुळ काढलं. ते वर्तुळ पुढच्या कड्यातून जाईना. त्याच्या पुढच्यातून गेलं. मग वगळून पुन्हा पुढच्यातून. चार कडी एका वर्तुळावर, शंभराच्या. उरलेली चार मोठ्या वर्तुळावर, साडेचार इंचांच्या. दोन चौकोन एकमेकांत घातलेले, एक जरासा फिरवून. ती भोकं वाऱ्यासाठी नव्हतीच! एकच चाक दोन मापांच्या गाड्यांना बसावं म्हणून कुणीतरी डोकेबाज माणसाने दोन जोडण्या केल्या होत्या. मी कधी ही चार धरत होतो, कधी ती चार. चाक माझी थट्टा करत नव्हतं, मीच एकदा याच्याशी आणि एकदा त्याच्याशी बोलत होतो.

मग माझ्या गाडीचं चाक उतरवून बोल्टांचाही ठसा घेतला आणि एक कागद दुसऱ्यावर ठेवून खिडकीच्या उजेडात धरला. चारही जुळले. (चाक उतरवताना उज्वलाने सांगितलं, "आधी नट ढिले करा, मग जॅक लावा. उचलल्यावर चाक नुसतं फिरतं." बरोबर होतं. कुणीही विचार केला तर सुचेल असंच.)

भुजंगरावांना फोन केला. "लागतात! पैज मी जिंकली!"

"मास्तर ते मास्तरच," म्हणाले. आवाजात दुःख मुळीच नव्हतं. खिलाडू माणूस आहे, मानावं लागेल.

९ डिसेंबर, मंगळवार

चाकं बसली. टायरवाल्याने नट वेगळे लावले, मधल्या भोकात एक कडं बसवलं आणि म्हणाला, आता हलत नाही. गाडी काय दिसते! गल्लीतली दोन माणसं मुद्दाम थांबून बघून गेली. सर्वेशला फोटो पाठवले. त्याने अंगठा पाठवला. अंगठ्याचा अर्थ विकणार की नाही, ते कळत नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

घात झाला. पुढच्या डाव्या चाकाच्या कडेला ओरखडा, बोटभर लांब. गाडी आवरणाखाली, दारात उभी. फक्त आवरण उलटं घातलेलं दिसलं. नीलाबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या दुपारी एक शेळी फिरत होती. शेळीचं शिंग एवढं चालतं?

उज्वलाने संध्याकाळी पुरणपोळी केली. सण नाही, वार नाही. "तुमचं मन दुखावलं असेल म्हणून," म्हणाली. मला भरून आलं. चार पोळ्या खाल्ल्या आणि शेळीला माफ केलं.

१६ डिसेंबर, मंगळवार

सरावासाठी मोठ्या रस्त्याला गाडी नेली. पहिल्या सिग्नलपर्यंत ठीक. दुसऱ्या सिग्नलला क्लच दाबून उभं राहिलो आणि गुडघ्यात अशी कळ उठली की डोळ्यांपुढे काजवे. कसाबसा परत आलो. इंजेक्शन घेतलं. डॉक्टर म्हणाले, चार दिवस तरी गाडी नको. मी हो म्हटलं.

चाकं बसली, माप जुळलं, पैज जिंकली. पण पाय? पायाला कुठली दुसरी जोडणी नाही. मला भीती वाटते. उज्वलाने तीळ भाजून ठेवलेत, बाजरीचं पीठ आणलंय, हणमंताला फोन करून रानात कडब्याची कोप बांधायला सांगितली. मी जर ऐन येळवशीला पुन्हा "जमणार नाही" म्हटलं, तर ती पुन्हा काही बोलणार नाही. तेच मला सोसवणार नाही. तिला सांगितलेलं नाही. सांगणार नाही.

२० डिसेंबर, शनिवार

काल येळवस झाली. सगळं क्रमाने लिहितो.

भुजंगराव आणि गोदावरीबाई आदल्या दिवशीच आले होते. सकाळी टोपल्या भरल्या: भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या आणि आंबिलीचं गाडगं. पैजेप्रमाणे भुजंगराव मागे बसले, मांडीवर गाडगं घेऊन. गोदावरीबाई त्यांच्या शेजारी, उज्वला पुढे माझ्या शेजारी. मी गुडघ्याला पट्टा बांधून, वर पायजमा ओढून, सुरुवात केली.

अख्खं लातूर रस्त्यावर होतं. ट्रॅक्टर, मोटरसायकली, रिक्षा, सगळ्यांवर टोपल्या. गर्दीत दर दहा हातांवर थांबा, निघा, थांबा, निघा. गावाबाहेर पडायच्या आतच गुडघ्याने सांगून टाकलं. पाय क्लचवरून सुटला, गाडीने एक उडी मारली आणि बंद पडली. भुजंगरावांच्या सदऱ्यावर आंबील. मागे ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवतोय.

"इंजिन तापलं बहुतेक," मी म्हटलं.

"थंडीचे दिवस हायत, व्याही," भुजंगराव म्हणाले, पण हळूच. त्यांनी माझा चेहरा आरशात पाहिला असावा.

मला किल्ली फिरवता येईना. एवढंच डोक्यात, की आता परत घरी, परत ते टेबल.

उज्वला खाली उतरली. गाडीला वळसा घालून माझ्या दारापाशी आली आणि दार उघडलं.

"सरका."

"कुठं?"

"मागं बसा. विहीणबाई, तुम्ही पुढं या. यांना पाय लांब करू द्या."

ट्रॅक्टरवाल्यानेही हॉर्नवरचा हात काढला. मी मागे कसा पोचलो ते आठवत नाही. उज्वला बसली. चपला काढून बाजूला ठेवल्या, पदर खोचला, खाली हात घालून सीट पुढे ओढली. खट्, खट्. अगदी त्याच जागी, जिथे मला महिनाभर सीट सापडत होती. त्या आवाजावर मला सगळं कळलं. कापूर, पिन, लहान पावलांचा चोर, शिंगाची शेळी. नीलाबाईंचं भजन!

तिने आरसा नीट केला. आरशात माझ्याकडे पाहिलं, एकदाच, परवानगी मागायला नव्हे, मी नीट बसलोय ना ते बघायला. आणि गाडी निघाली, पाण्यावरून निघावी तशी.

मग भुजंगराव माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "व्याही, पैज कुणी जिंकली म्हणायची आता? दोघंबी मागंच की."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"यांच्या गाडी चालवण्याचं? न्हाई बा. चाकाचं ठाऊक व्हतं. ही चाकं आधी माझ्या दोन येगळ्या गाड्यांना लागून आलीत."

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही एवढे फोन केले असते का मला? सहा महिन्यांत एक करता तुम्ही, तेबी दिवाळीचा."

यावर मी त्यांच्याकडचं गाडगं माझ्या मांडीवर घेतलं. त्यांचा सदरा भिजलेला होता.

रस्ता सोडून पाणंदीला लागल्यावर मी दोनदा "सांभाळून" म्हणालो. तिसऱ्यांदा उज्वला म्हणाली, "तोंड उघडायचं न्हाई असं ठरलंय ना मागच्यांनी?" गोदावरीबाई इतक्या हसल्या की त्यांनाच ठसका लागला. एका दगडाला चाक घासलं, पुढचं डावं. मी ऐकलं आणि बोललो नाही.

हणमंत कोपीपाशी उभा होता. धूळ बसल्यावर त्याने आधी मागच्या सीटवर मला पाहिलं, मग स्टीअरिंगवर तिला.

"आक्का! तुमीच चालवत आलाव व्हय?"

उज्वला "हाव" म्हणाली. एवढंच. पण गाडीतून उतरून ती रानाकडे चालत गेली तेव्हा तिची चाल मला ओळखूच आली नाही. लग्नात पाहिली होती बहुतेक. मला राग यायला हवा होता. महिनाभर माझी फसवणूक झाली, माझं पेट्रोल गेलं, माझ्या नव्या चाकाला ओरखडे पडले. राग कुठेच नव्हता. मला रडू येत होतं आणि मांडीवर आंबिलीचं गाडगं असल्यामुळे डोळे पुसता येत नव्हते.

कोपीत पूजा झाली, आंबील शिंपडत फेऱ्या झाल्या. जेवणं झाल्यावर भुजंगराव निघू या म्हणाले. उज्वला ज्वारीत उभी होती. म्हणाली, "निघू की. मला वाटेल तेव्हा." सूर्य बुडेपर्यंत तिला वाटलं नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

सर्वेशचा फोन. गिऱ्हाईक मिळालंय म्हणतो. मी काही बोलायच्या आत उज्वलाने फोन घेतला.

"गाडी विकायची न्हाई. चालवणारं माणूस घरात हाय."

"आई, बाबांच्या गुडघ्याला..."

"बाबा न्हाई," ती म्हणाली आणि फोन माझ्या हातात देऊन स्वयंपाकघरात गेली. मी त्याला सांगितलं की त्याची आई उत्तम गाडी चालवते, आणि यात थोडं श्रेय योग्य माप घेऊन बसवलेल्या चाकांचंही आहे. त्याने "बाबा, तुम्हाला हे कधी कळलं?" असं विचारलं. मला संशय होताच, असं मी सांगितलं. इथेही तसंच लिहून ठेवतो.

दुपारी झोपलो नाही. चाकं पुसली, ओरखड्यांवर जरा जास्त पुसलं. मग सवयीने गाडीत जाऊन बसलो आणि गुडघे स्टीअरिंगला टेकले. हात आपोआप सीटखालच्या दांडीकडे गेला. दांडी धरून बसलो थोडा वेळ. मग सोडली आणि सीट न हलवता बाहेर आलो.

उज्वला दारात होती, किल्ली हातात. नीलाबाई समोरून रस्ता ओलांडत होत्या.

"भजनाला निघालात?" मी विचारलं.

"हाव," ती म्हणाली. "मागं घ्यायचं अजून नीट जमत न्हाई. येता का?"

मागे घेण्याविषयी मला बरंच काही सांगता येईल. मग तो पाणीपुरीचा गाडा आठवला आणि काही न बोलता मी डाव्या बाजूने चढलो.